स्नोफॉलमध्ये फोकस कुठाय?

काश्मीरचं किंवा मनालीचं बुकिंग झालंय, कॅमेरा चार्ज झालाय, गमबूट तिथे भाड्याने मिळतील. पण पडत्या बर्फात फोटो काढणं म्हणजे खायचं काम नाही, बॉस! एकदा पुरती वाट लागल्यावर शिकलेले हे फंडे, खास तुमच्यासाठी.

दोनशे बारा!

२०२३ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला पाऊण तास बर्फ पडला, तेवढ्यात मी काढलेल्या फोटोंचा हा आकडा. त्यातल्या किती फोटोंत माझी आई नीट दिसते? एकाही नाही.

खोटं वाटेल, पण खरंय. हवेतले बर्फाचे कण एकदम शार्प, मोजून घ्यावेत असे. आणि त्यांच्या मागे कुणीतरी एक धूसर बाई हात पसरून उभी. पुण्याला परतल्यावर शेजारच्या काकू कौतुकाने फोटो बघायला आल्या. आईने चष्मा लावला, टॅब जवळ ओढला, दोन-चार फोटो सरकवले आणि मला हळूच विचारलं, "ही मीच ना गं?"

मेले मी तिथेच.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? फोटोच तर आहेत. तर आधी थोडा फ्लॅशबॅक. आई-बाबांचं लग्न १९८९ च्या डिसेंबरातलं. पुढच्या उन्हाळ्यात काश्मीरला जायचं ठरलेलं, बाबांनी पैसेही बाजूला काढलेले. पण १९९० उजाडलं तेच तिथली परिस्थिती चिघळलेली घेऊन. बेत रद्द झाला, दोघं महाबळेश्वरला जाऊन आले. 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणता म्हणता मी झाले, फ्लॅटचे हप्ते आले आणि मग बाबाच गेले. त्यांचा मरून मफलर गळ्यात गुंडाळून आई वयाच्या साठीत पहिल्यांदा बर्फात उभी राहिली, तो क्षण टिपायचं काम माझ्याकडे होतं. हप्त्यावर घेतलेला नवा कोरा कॅमेरा हातात होता. आणि मी तो क्षण साफ घालवला!

कॅमेरा गंडतो कुठे?

काय होतं माहितीये? ऑटोफोकस कॉन्ट्रास्ट शोधत असतो. जिथे गडद आणि उजळ यांची ठळक कड सापडेल, तिथे तो चिकटतो. आता विचार करा, लेन्सपासून दोन फुटांवर पांढराशुभ्र कण, त्याच्यामागे काळपट देवदार. याहून ठळक कड कुठली मिळणार? आणि पंधरा फुटांवरचा माणूस तर पडत्या बर्फाच्या पडद्याआड फिकट झालेला. कॅमेरा बिचारा इमानेइतबारे कणावर फोकस करतो. तो कण खाली गेला की दुसऱ्यावर. लेन्स नुसती मागे-पुढे, मागे-पुढे. तुमचं बोट बटणावर आणि डोक्याला शॉट!

आजकालचे कॅमेरे चेहरा, अगदी डोळासुद्धा ओळखतात, हे कबूल. हलक्या बर्फात त्याचा भरपूर फायदा होतो. पण डोक्यावर माकडटोपी, नाकापर्यंत मफलर आणि वरून दाट बर्फ असेल, तर चेहरा म्हणून ओळखायला शिल्लक काय राहतं? तेव्हा फोकस कुठे करायचा हे कॅमेऱ्यावर सोडू नका. तुम्हीच ठरवा. तीन सोपे मार्ग आहेत.

पहिला मार्ग, सिंगल पॉइंट. फोकसचे सगळे चौकोन बंद करून एकच ठेवा. तो चौकोन माणसावरच्या ठळक कडेवर आणा. चष्म्याची फ्रेम, टोपीची किनार, कोटाची चेन, काहीही चालेल. नुसत्या गालावर किंवा पांढऱ्या शालीवर ठेवलात, तर कॅमेरा पुन्हा चाचपडत बसणार.

दुसरा मार्ग, लॉक. बटण अर्धं दाबा, फोकस लागला की बोट तसंच ठेवा, फ्रेम हवी तशी हलवा आणि क्लिक करा. फक्त एक लक्षात ठेवा. माणूस किंवा तुम्ही पुढे-मागे सरकलात, की लॉक फुकट. पुन्हा लावा. फोनवाल्यांनीही नाराज व्हायचं कारण नाही. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं, की फोकस लॉक होतो.

तिसरा मार्ग, मॅन्युअल. बर्फ अगदीच दाट असेल तर ऑटोफोकस सरळ बंद करा. स्क्रीनवर चित्र मोठं करून चष्म्याच्या काडीवर फोकस लावा आणि माणसाला म्हणा, "आता हलू नकोस!" जोडीला अ‍ॅपर्चर एफ ५.६ ते एफ ८ च्या आसपास ठेवलंत, तर थोडीफार चूक झाली तरी खपून जाते.

हे सगळं मी गुलमर्गला जाण्याआधी शिकायला हवं होतं. त्या दिवशी वैतागून बर्फालाच शिव्या घालत होते, तेव्हा तिथले एक म्हातारे फोटोग्राफर शेजारी येऊन उभे राहिले. पर्यटकांना फेरन घालून फोटो काढून देणारे. म्हणाले, "बेटा, बर्फ को क्यों देखती हो? अम्मी को देखो. बर्फ तो अपने आप आ जाएगा." केवढी मोठी गोष्ट! पण मी कॅमेऱ्याची सेटिंग्ज धुंडाळेपर्यंत बर्फ थांबलाही होता.

कबुतरांच्या जाळीतून प्रॅक्टिस

आता प्रश्न असा, की पुण्या-मुंबईत बसून बर्फाची प्रॅक्टिस करायची कुठे? उपाय तुमच्या बाल्कनीत आहे. कबुतरांसाठी लावलेली जाळी! जाळीच्या अलीकडे तुम्ही, पलीकडे पाच-सात फुटांवर कुंडी किंवा माणूस. ऑटोफोकस सगळ्या चौकोनांवर ठेवून क्लिक करा. जाळी क्लिअर आणि कुंडी गायब होण्याची शक्यता भरपूर. आता सिंगल पॉइंट लावून जाळीच्या आरपार फोकस करायला शिका. जाळी नसेल तर मच्छरदाणी आहेच. मी आईला मच्छरदाणीत बसवून असा सराव केलाय. "तुला वेड लागलंय," असं म्हणत तिने आख्खा रविवार सहन केला.

दुसरी शाळा पावसाळ्यात भरते. जुलैत ताम्हिणीला किंवा माळशेजला जा. धुक्यात माणूस जसा फिका पडतो, तसाच तो बर्फातही पडतो. समोर पावसाच्या सरी, मागे धुकं आणि मध्ये कणीस खाणारा मित्र. त्याच्यावर फोकस लावता आला, तर बर्फात निम्मी लढाई जिंकलात म्हणून समजा.

बर्फ पांढरा की करडा?

माझ्या दोनशे बारा फोटोंचा दुसरा घोळ म्हणजे बर्फ मळक्या चादरीसारखा आला होता. यातही कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याचा मीटर समोर जे काही दिसेल ते मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. आख्खी फ्रेम पांढरी असली, की त्याला वाटतं उजेड फारच झाला. मग तो फोटो काळवंडून टाकतो आणि पांढऱ्याचा करडा होतो.

इलाज एका बटणाचा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उणेचं ते चिन्ह. बर्फाळ मैदान असेल तर अधिक १ पासून सुरुवात करा, गरज पडली तर दीडवर जा, ऊन पडलं असेल तर अधिक २ सुद्धा लागू शकतं. मागे गडद देवदारांची रांग असेल तर मात्र जपून, तिथे कमी पुरतं. पहिल्या फोटोनंतर हिस्टोग्राम बघा. आलेख उजवीकडे झुकलेला हवा, पण भिंतीवर आपटलेला नको. आपटला म्हणजे बर्फातले बारकावे गेले. फोनवर फोकस लावल्यावर उजेडाची पट्टी किंवा सूर्याचं चिन्ह दिसतं, ते किंचित वर सरकवा. झालं काम.

ठिपके हवेत की रेघा?

पडता बर्फ फोटोत कसा दिसावा, हे शटर स्पीड ठरवतो. वारा नसताना बर्फाचा कण साधारण सेकंदाला एक मीटर वेगाने खाली येतो असं धरू. थोडं गणित करा. १/२५० सेकंदात तो जेमतेम चार मिलिमीटर सरकतो, म्हणून फोटोत ठिपका दिसतो. १/३० सेकंदात तोच तीन सेंटिमीटरहून जास्त सरकतो आणि त्याची रेघ होते. माणसाचा चेहरा महत्त्वाचा असेल तर १/२५० किंवा त्याहून जलद शटर ठेवा. नुसता रस्ता, पूल, उभी गाडी असं काही असेल, तर १/३० वर रेघांची मजा करून बघा. मात्र हात स्थिर हवा.

आणि फ्लॅश? शक्यतो बंद! फ्लॅशचा उजेड सगळ्यात आधी लेन्सजवळच्या कणांवर पडतो आणि फोटोभर मोठमोठे पांढरे गोळे उमटतात. कुणाच्या बर्थडे पार्टीत थर्माकोलचे मणी उधळल्यासारखं दिसतं. तोच इफेक्ट हवा असेल तर गोष्ट वेगळी.

फ्रेममध्ये काय ठेवाल?

फोकस जमला, उजेड जमला. आता फ्रेम. पांढऱ्या आभाळासमोर पांढरा बर्फ दिसतच नाही, हे तिथे गेल्यावर कळतं आणि धक्का बसतो. एवढा बर्फ पडत होता, फोटोत गेला कुठे? म्हणून मागे काहीतरी गडद शोधा. देवदार, लाकडी हॉटेलची भिंत, दगडी पूल. झूम करून थोडं लांबून काढलंत तर तुमच्या आणि माणसाच्या मध्ये जास्त बर्फ येतो आणि स्नोफॉल दाट दिसतो. अगदी जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलंत, तर थोडेच पण मोठे कण दिसतात.

दुसरं म्हणजे रंग एकच पुरे. न्यूयॉर्कचा सॉल लायटर हा या बाबतीतला उस्ताद. रंगीत फोटोला कलावंत मंडळी फारशी मोजत नव्हती, त्या काळात तो रंगीत फिल्म घेऊन आपल्याच गल्लीबोळांत फिरायचा. त्याचा १९५० च्या सुमाराचा 'फूटप्रिंट्स' नावाचा फोटो नक्की बघा. वरून घेतलेला. खाली बर्फ, पावलांचे ठसे आणि एक लाल छत्री. बस्स! एवढ्यात आख्खा हिवाळा येतो. तेव्हा ट्रिपच्या शॉपिंगला निघाल तेव्हा पांढरं-क्रीम जॅकेट घेऊ नका. लाल, पिवळं, मरून असं काहीतरी घ्या.

तिसरं, वाट बघा. अमेरिकन फोटोग्राफर आल्फ्रेड स्टिगलिट्झ २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर हातात धरायचा कॅमेरा घेऊन हिमवादळात तीन तास उभा राहिला. बर्फ तुडवत येणारी एक घोडागाडी नेमकी हवी तिथे आली, तेव्हा त्याने तो फोटो घेतला. नंतर प्रिंट करताना कडेचं नको ते कापूनही टाकलं. म्हणजे क्रॉप करणं हे काही आपल्या पिढीचं पाप नव्हे! मुद्दा काय, तर त्याने आधी फ्रेम ठरवली आणि मग त्या फ्रेममध्ये कुणीतरी येण्याची वाट पाहिली. मी पाऊण तासात दोनशे बारा वेळा बटण दाबलं होतं. फरक कळला?

आणि नुसता कणच हवा असेल तर?

काहींना माणूस नकोच असतो, त्यांना बर्फाची ती सहा पाकळ्यांची नक्षी हवी असते. त्यांचा आद्य गुरू म्हणजे विल्सन बेंटली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावचा शेतकरी. त्याने मायक्रोस्कोपला कॅमेरा जोडला आणि १५ जानेवारी १८८५ ला हिमस्फटिकाचा पहिला फोटो घेतला. तेव्हा तो अवघा १९ वर्षांचा होता. पुढे आयुष्यभरात त्याने ५ हजारांहून जास्त स्फटिकांचे फोटो काढले.

तुम्हाला मायक्रोस्कोप लागणार नाही. गडद लोकरीची बाही पुढे करा, तिच्यावर कण अलगद पडू द्या आणि फोनच्या मॅक्रो मोडवर चटकन क्लिक करा. श्वास मात्र रोखून धरा. तुमच्या एका उच्छ्वासात ती नक्षी विरघळते.

बॅगेत काय हवं?

• जास्तीची बॅटरी, तीही बॅगेत नव्हे, जॅकेटच्या आतल्या खिशात. थंडीत बॅटरी भराभर उतरते. ऊब मिळाली की थोडी जीव धरते.

• लेन्स हूड. समोरून येणारे बरेच कण तो अडवतो. आणि एक छत्री, जी धरायला सोबतचा दयाळू माणूस.

• मायक्रोफायबरचं कापड आणि छोटा ब्लोअर. काचेवरचा बर्फ तोंडाने फुंकू नका, वाफ जमून काच आणखी गढूळ होते.

• झिपवाली प्लास्टिकची पिशवी. बाहेरच्या थंडीतून हीटरच्या खोलीत शिरण्याआधीच कॅमेरा पिशवीत बंद करा आणि तासभर तसाच राहू द्या. नाहीतर गार कॅमेऱ्यावर, कधी लेन्सच्या आतही, दव जमतं. फ्रिजमधल्या बाटलीला फुटतो तसा घाम!

• बोटं उघडी टाकता येतील असे हातमोजे. जाड मोज्यांत बटण सापडत नाही आणि मोजे काढले की बोटं सापडत नाहीत.

पुन्हा एकदा गुलमर्ग

'ही मीच ना गं?' हे काही माझ्या डोक्यातून जाईना. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकलत ढकलत आणलेलं, डॉक्टरांनी आता थांबू नका म्हणून बजावलेलं. त्याआधी एकदा जाऊन येऊ, असं ठरवून मी २०२४ च्या जानेवारीअखेरचं बुकिंग केलं. कामावरून पाच दिवसांची सुट्टी काढताना काय काय गोड बोलावं लागलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आणि नशीब बघा! त्या वर्षी जानेवारीत गुलमर्ग कोरडं ठाक. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलान म्हणतात, कडाक्याच्या थंडीचे हे दिवस. त्याच दिवसांत गुलमर्गच्या उतारांवर तपकिरी गवत दिसत होतं, टीव्हीवर रोज त्याच बातम्या. मी कॅन्सलेशन चार्जेस किती पडतील ते बघत बसले होते. आई म्हणाली, "एकदा कॅन्सल केलंय ना आपण काश्मीर. आता नको. बर्फ नसला तर डोंगर बघू."

गेलो. दोन दिवस खरंच नुसते डोंगर बघितले, कहवा प्यायलो, जुने किस्से काढून हसलो. आणि मग महिना संपता संपता एका सकाळी आईने खिडकीचा पडदा सारला आणि काही न बोलता मला हलवून उठवलं.

या वेळी मी धावले नाही. आधी जागा पाहिली. हॉटेलसमोरच तीन देवदार होते, काळेभोर. त्यांच्यापुढे आईला उभं केलं, झाडांपासून थोडं अलीकडे. झूम लेन्स, एफ ५.६, शटर १/२५०, अधिक १. फोकसचा एकच चौकोन, तो तिच्या चष्म्याच्या काडीवर. अर्धं बटण दाबलं. लेन्स क्षणभर चाचपडली आणि लागली. गळ्यातला मरून मफलर तेवढा रंगाचा. बाकी सगळं पांढरं आणि काळं.

"आई, कॅमेऱ्याकडे बघू नकोस. तुला हवं तिकडे बघ."

तिने वर बघितलं. डोळे मिटले. चष्म्याच्या काचेवर दोन कण येऊन बसले. मी क्लिक केलं.

एकूण बावीस फोटो काढले त्या दिवशी. मग कॅमेरा जॅकेटच्या आत घातला आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तेवढा वेळ राखून ठेवायला मात्र विसरू नका. कॅमेऱ्यातून बघितलेला बर्फ अंगावर पडत नाही.

गुडघ्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये, बाबांच्या फोटोशेजारी लावलाय. परवा त्याच काकू पुन्हा आल्या होत्या. फोटोसमोर थांबल्या, जवळ जाऊन निरखून बघत म्हणाल्या, "अय्या, ही कोण हो?"

आई स्वयंपाकघरातून चहाचा ट्रे घेऊन येत होती. ट्रे टीपॉयवर ठेवत म्हणाली, "कोण म्हणजे? मीच की!"